उजेड कुठून आणायचा?

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे कोल्हापूरचे दोन चुलतभाऊ. दोघंही कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकामापासून कोरीवकामापर्यंत सगळ्यात हात बसलेले कारागीर होते. घरात हत्यारं होती, ती चालवणारी माणसं होती आणि मुलांनी बघत बघत ते उचललं. पुढे या भावांनी तैलरंगात चित्रं काढली, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. ‘मेस्त्री’ मागे पडलं आणि लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचा असं दोघांनी मनावर घेतलं होतं. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी ते काम तडीस नेलं आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कापड, कॅनव्हास, माती आणि फिल्म ही सगळी माध्यमं एका माणसाच्या हातून गेली.

चित्रकला शिकायला निघालेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, कोणत्या माध्यमापासून सुरुवात करू? जलरंग अवघड म्हणतात, तैलरंग खर्चिक म्हणतात, मग ॲक्रेलिक घेऊ का? माझं मत असं की माध्यम कोणतंही घ्या, पण हातात घेतल्याबरोबर त्याला एक प्रश्न विचारा: यात उजेड कुठून आणायचा? जलरंगात उजेड कागदाचा असतो. तैलरंगात तो पांढऱ्या रंगाच्या ट्यूबमधून येतो. पावडर शेडिंगमध्ये रबराने खोडून काढावा लागतो. उजेडाची जागा बदलली की आधी काय करायचं आणि शेवटी काय, हा सगळा क्रम बदलतो. तंत्र म्हणून जे शिकवतात त्यातला बराच भाग या क्रमातून आपोआप निघतो. कोल्हापूरच्या चित्रकारांची कामं बघताना मला हे सारखं जाणवतं, म्हणून त्यांच्याच आधाराने सांगतो.

पेन्सिलीशी आपली ओळख बहुधा शाळेतच झालेली असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे पेपर आठवतील. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं या परीक्षा देतात, त्यामुळे त्यांच्या आत काय दडलंय याकडे लक्ष जात नाही. वस्तुचित्राचा तांब्या घ्या. टेबलावर पितळी तांब्या आहे, आपण समोर बसलोय. तांब्याचं तोंड गोल असलं तरी आपल्याला ते लंबगोल दिसतं. ते डोळ्याच्या पातळीच्या जितकं जवळ, तितका लंबगोल चपटा. खाली खाली जावं तसा तो भरत जातो, म्हणजे बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जास्त फुगीर यायला हवा. नवशिका माणूस नेमकं उलटं करतो. तो तोंड छान गोलसर काढतो आणि बुडाला सरळ रेघ ओढतो, कारण तांब्या सपाट टेबलावर टेकलाय हे त्याला माहीत असतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते काढणं, हा या विद्येतला पहिला आणि सगळ्यात कठीण धडा. मोठमोठे चित्रकारही तो आयुष्यभर गिरवत असतात.

मग येतात छटा. डोळे बारीक करा, पापण्या जवळजवळ मिटत आणा. नक्षी, डाग, पोचे दिसेनासे होतात आणि गडद-उजळ भाग मोठेमोठे होऊन समोर येतात. उजेडाची बाजू, मधली छटा, सावली, सावलीच्या कडेला टेबलावरून उलटून आलेला फिका उजेड आणि टेबलावर पडलेली छाया हे पाच भाग ओळखता आले की कुठलीही गोल वस्तू कागदावर उठून दिसते. यात सावलीतल्या त्या उलट्या उजेडाने फसगत होते. आजूबाजूच्या काळोखामुळे तो आहे त्यापेक्षा जास्त उजळ वाटतो आणि विद्यार्थी तो जवळजवळ पांढरा सोडतो. सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच ठेवायचा, एवढं सांभाळलं तरी तांब्या सपाट होत नाही. पितळ चकाकतं म्हणजे काय होतं, तेही या वेळी कळतं. मातीच्या मडक्यावर छटा हळूहळू बदलते. पितळेवर लख्ख पांढऱ्याच्या शेजारी एकदम काळं येतं, मध्ये पायरीच नसते. चकाकी दाखवायला सोनेरी रंग लागत नाही, या उडीने ती दिसते.

पेन्सिलीत उजेड कागदाचाच असतो. जलरंगातही तसंच, पण तिथे चूक खोडता येत नाही. कोल्हापुरात जलरंग म्हटलं की पहिलं नाव आबालाल रहिमान यांचं. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले. १८५७ साली निघालेल्या त्या शाळेत प्लास्टरच्या पुतळ्यांवरून तासन्‌तास छायाप्रकाशाचा अभ्यास करून घेत. त्या शिस्तीत हात घोटून आबालाल कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमलं. खरा जीव मात्र त्यांचा बाहेर, रंकाळा तळ्यावर, पंचगंगेच्या काठी, कोटितीर्थ तळ्यावर रमला. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांच्यामुळे चित्रकलेच्या इतिहासात गेला. महाराज १९२२ साली गेले तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९३१ साली ते वारले. जी चित्रं उरली आहेत ती बघताना हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

संध्यामठ म्हणजे तळ्यातली काळ्या दगडाची बांधणी, पावसाळ्यात पाण्यात बुडणारी आणि उन्हाळ्यात उघडी पडणारी. जलरंगात शिकायला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही, कारण आकाश, पाणी आणि दगड या तिघांना तीन वेगळ्या रीतींनी हाताळावं लागतं. कागद बोर्डावर चारही बाजूंनी चिकटवून बोर्ड थोडा तिरका धरतात. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून सुरू करायचा. ब्रश भरलेला हवा. आडवा हात मारला की खालच्या कडेला रंगाचं पाणी साठतं, ते पुढच्या हाताने खाली ओढायचं, मग त्याच्या खाली, असं क्षितिजापर्यंत न थांबता जायचं. तळाला आल्यावर ब्रश पिळून कोरडा करायचा आणि साठलेलं जादा पाणी त्याने टिपून घ्यायचं. ते तसंच राहिलं तर अर्धवट वाळलेल्या रंगात परत शिरतं आणि दातेरी कडेचा डाग फुलतो. वॉश ओला असताना तिथे दुसरा रंग सोडला तर तो पसरत जातो, ढगांना ते हवंच असतं. दगडाला ते नको असतं. म्हणून संध्यामठ काढायच्या आधी कागद पुरता वाळू द्यायचा. हाताची मागची बाजू कागदाजवळ नेली की ओल अजून आहे का ते गारव्यावरून कळतं.

त्या काळ्या दगडासाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडू नये. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना एकत्र केले की खोल, जिवंत काळपट रंग येतो. निळा जास्त झाला तर सावलीतला दगड, तपकिरी जास्त झाला तर ऊन लागलेला. पाण्यातल्या प्रतिबिंबाचाही एक नियम आहे. गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरा उजळ असतं, उजळ वस्तूचं जरा गडद. पाण्यावर चमकणारे कण मात्र रंगाने काढायचे नसतात, ती जागा पहिल्यापासून कोरी सोडायची असते. म्हणजे ब्रश पाण्यात बुडवण्याआधीच चित्रातला सगळ्यात लख्ख ठिपका कुठे असणार ते ठरलेलं हवं. जलरंग अवघड म्हणतात ते एवढ्यासाठीच. शेवटचा निर्णय इथे सर्वांत आधी घ्यावा लागतो.

कोल्हापूरची हवाही यात बोलते. पावसाळ्यात वॉश वाळता वाळत नाही, त्यामुळे ओल्यावर ओलं काम करायला ते दिवस चांगले. एप्रिलच्या उन्हात घाटावर बसलात तर आकाश निम्म्यात असतानाच वरची कड सुकून रेघ पडते. तेव्हा कागद लहान घ्यावा, सावलीत बसावं आणि जाड कागद वापरावा. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद पाणी धरून ठेवतो आणि फुगत नाही. पाऊस उघडल्यावर पंचगंगेच्या घाटावरून ज्योतिबाचा डोंगर बघा. हवेतली धूळ धुऊन गेल्याने तो जवळ सरकल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात तोच डोंगर फिका निळसर होऊन मागे जातो. आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, त्याचा हा परिणाम. म्हणून दूरच्या गोष्टींत गडद-उजळातलं अंतर कमी ठेवायचं आणि रंग थंड करायचा. जवळच्या दीपमाळेला खरी काळोखी द्यायची. रंगाच्या डब्यात ‘लांबचा हिरवा’ नावाची वडी नसते, ती असली तरी उपयोगाची नाही.

तैलरंगात हे सगळं उलटं होतं. उजेड ट्यूबमध्ये आहे आणि तो शेवटी लावता येतो, म्हणून सुरुवात गडदापासून. सावलीचे भाग टर्पेंटाइनने पातळ करून आधी बसवतात, उजेडाचे भाग नंतर जाड लावतात. पातळावर जाड हा नियम मात्र सोडायचा नाही, आणि त्यामागे साधं रसायन आहे. टर्पेंटाइन उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि वरचा पापुद्रा बनतो. तेलकट थर खाली आणि रुक्ष थर वर दिला तर वरचा आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा जातात. जुन्या व्यक्तिचित्रांवर कपाळापासून गालापर्यंत जाळं पडलेलं दिसतं, त्याचं एक कारण हेच असतं.

व्यक्तिचित्राचा विषय निघालाच आहे तर चेहऱ्याच्या रंगाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ‘स्किन कलर’ नावाची ट्यूब घेऊन बसणाऱ्याचा चेहरा मेणाचा होतो. माणसाचा चेहरा ढोबळमानाने तीन पट्ट्यांत बघावा. कपाळ पिवळटाकडे झुकतं. गाल, नाक, कान इथे रक्त जास्त, म्हणून लालसर. दाढीची जागा, रोज घोटून काढणाऱ्याचीही, निळसर-करडी. यलो ऑकर, बर्न्ट सायना, थोडा लाल, पांढरा आणि गारवा आणायला निळ्याचं एक टोक, एवढ्यात आपल्याकडचा कुठलाही चेहरा बसतो. तोच रंग फेट्याच्या सावलीत गेला की पूर्ण बदलतो, आणि फेटा तांबडा असेल तर कपाळावर त्याची झाक उतरते. ही झाक ज्याला दिसली त्याला व्यक्तिचित्र जमायला लागलं असं समजायला हरकत नाही.

आता पडदे. मला स्वतःला कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतला हा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. संगीत नाटकांच्या जमान्यात राजवाडा, रस्ता, जंगल असे देखावे रंगवलेले पडदे नाटकामागे सोडत. आनंदराव-बाबूरावांच्या पडद्यांची त्या काळी वाहवा होती. हे काम कोरड्या रंगाच्या भुकटीत आणि सरसात चालतं. सरस गरम करून पातळ करायचा, त्यात भुकटी कालवायची आणि निवायच्या आत लावायचं. सरस कमी पडला तर पडदा गुंडाळताना रंग झडतो, जास्त झाला तर कापड ताठ होऊन रंगाला तडे जातात. शिवाय हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की कितीतरी फिका पडतो. म्हणजे पडदे रंगवणाऱ्याला समोर दिसणाऱ्या रंगावर भरवसाच ठेवता येत नाही. उद्या तो कसा दिसेल ते आज मनात बघावं लागतं. छटांचा अंदाज पक्का करायला याहून कडक तालीम नसेल.

त्यात भर अंतराची आणि दिव्यांची. लहान चित्रावर चौकडी आखायची, कापडावर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट वाढवत न्यायची, ही जुनी रीत. पण राजवाड्याच्या खांबांच्या रांगा कुठल्या बिंदूकडे धावणार हे ठरवताना प्रेक्षक कुठे बसणार आहे ते धरावं लागतं. तो बिंदू बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला धरला तर रंगमंचाच्या फळ्या पुढे सरकत राजवाड्यात शिरल्यासारख्या वाटतात. वर धरला तर सगळा महाल पुढे घरंगळतोय असं दिसतं. जवळून बघितलं तर असा पडदा भसाभस ओढलेल्या फटकाऱ्यांचा दिसतो. मागच्या रांगेतून बघितलं की तेच फटकारे नक्षीदार कमानी होतात. तपशील किती द्यायचा हे बघणारा किती लांब आहे यावर ठरतं, हे जो पडद्यावर शिकला तो छोट्या चित्रातही उगाच कोरत बसत नाही. केशवराव भोसले यांच्यासारखा नट या गावात घडला आणि १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर पुढे त्यांच्या नावाने ओळखलं गेलं. त्या काळच्या नटांचे सूर लोकांच्या आठवणीत राहिले. त्यांच्या मागे ज्यांनी जंगलं आणि राजवाडे उभे केले, त्यांचं काम कापडाबरोबर विरून गेलं.

बाबूराव सिनेमाकडे वळले तेव्हा हीच नजर त्यांच्याबरोबर गेली. रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी त्यांनी खोली असलेले सेट उभारले, पोशाख आणि दृश्यं आधी रेखाटून घेतली, कृत्रिम उजेड वापरून पाहिला. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, लाल शालू पडद्यावर काळा पडे. म्हणजे दिग्दर्शकाला समोरचं रंगीत जग डोळ्यांनीच काळ्या-पांढऱ्यात वाचावं लागे, तांब्यासमोर बसलेला मुलगा डोळे बारीक करून वाचतो तसं. ‘कल्याण खजिना’चं १९२४चं पोस्टर त्यांनी रंगवलं आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या पोस्टरांत त्याचं नाव आवर्जून घेतात. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि त्यांनीच १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सिनेमाची पोस्टरं रंगवणं हा पुढे या गावचा एक धंदाच झाला. महाराष्ट्र शासनाने मान्यता दिलेलं शिवाजी महाराजांचं चित्र काढणारे जी. कांबळे याच धंद्यात नावाजलेले होते. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, उजळावर गडद आणि गडदावर उजळ दोन्ही चालतं. ॲक्रेलिकचंही तसंच, फक्त ते वाळल्यावर पाण्याने सुटत नाही आणि ब्रश धुवायला विसरलात तर तो फेकून द्यावा लागतो.

एक माध्यम मात्र कोल्हापुरात येऊनच बघावं: पावडर शेडिंग. चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांढरे हे उत्तम चित्रकार होते आणि या तंत्रात त्यांनी काढलेली निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी, आता संग्रहालय झालेल्या वास्तूत, बघायला मिळतात. इथे रेघ जवळजवळ नाहीच. काळी भुकटी बोटाने, कापसाने किंवा मऊ कापडाने कागदावर चोळत करड्या छटांची जमीन तयार करतात. मग रबराने घासून उजेड बाहेर काढायचा: ढगाची कड, पाण्यावरची तिरीप, पायवाटेचं वळण. त्यानंतर पुन्हा भुकटी घेऊन झाडांचे बुंधे आणि जवळचे दगड गडद करायचे. कड हवी तिथे तीक्ष्ण, नको तिथे विरघळलेली ठेवणं या माध्यमात फार सोपं जातं, म्हणून धुकं आणि पहाट यांना ते शोभतं. चोळताना हाताचं तेल कागदाला लागता कामा नये, लागलं तर तिथे भुकटी धरते आणि डाग निघत नाही. जलरंगाला घाबरणाऱ्याने आधी यात हात बसवावा असं मी सुचवेन. उजेड राखून ठेवण्याची भीती नाही आणि छटांचा अभ्यास मात्र पूर्ण होतो.

शिकायचं कुठे? कोल्हापुरात दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या संस्थांमधून मुलांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत. तिथली मुलं सकाळी सकाळी बोर्ड काखेत मारून आउटडोअरला निघतात आणि घाटावर, भवानी मंडपात, रंकाळ्यावर ती बसलेली दिसतात. त्यांच्या मागे उभं राहून बघायला कुणी मनाई करत नाही. ‘रंगबहार’ संस्था टाउन हॉलच्या बागेत ‘मैफल रंगसुरांची’ भरवते, तिथे गाणं चालू असताना चित्रकार लोकांसमोर काम करतात. चित्र पुरं झाल्यावर बघून जे कळत नाही ते तिथे कळतं: कोण आधी आकाश मारतो, कोण आधी सावल्या बसवतो, कोण किती वेळ नुसता बघत बसतो आणि ब्रश कधी उचलतो.

टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल, बाबूराव यांची चित्रंही आहेत. तिथे गेलात तर आधी लांबून बघा आणि चित्रातला सगळ्यात उजळ ठिपका शोधा. मग जवळ जा आणि तो ठिपका कागद आहे की रंग ते बघा. रंग असेल तर तो किती जाड आहे, त्याच्या कडेला खालचा कुठला थर डोकावतोय, ब्रश कुठून कुठे गेलाय. एका भेटीत दोन चित्रं अशी बघून होतात, तेवढी पुरेत. वही आणि पेन्सिल बरोबर असू द्या. समोरच्या चित्राचं पोस्टकार्डाएवढं काळं-पांढरं टिपण काढा, तीनच छटांत: उजळ, मधली, गडद.